अष्टशील आणि शुगरची गोळी

वर्षावासात पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या माताभगिनी दुपारी बारानंतर जेवत नाहीत. पुढचा घास दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे जवळजवळ 18 तासांनी. निरोगी माणसाला हे झेपतं. लिव्हर साठवलेली साखर हळूहळू रक्तात सोडतं, इन्सुलिन आपोआप कमी होतं. (बाराच्या आत भात-खीर दाबून खाल्ली, तर मात्र शुगर चढणारच!)

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडची गोळी चालू असेल, तर गोष्ट वेगळी. पोटात अन्न असो-नसो, ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. इन्सुलिनच्या इंजेक्शनचाही तोच धोका. नुसत्या मेटफॉर्मिनने तो फार कमी. म्हणून शील घेण्याआधी गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, त्या दिवसाचा डोस विचारा. मनाने गोळी बंद करू नका.

दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, असंबद्ध बोलणं म्हणजे शुगर बहुधा 70 च्या खाली गेलेली. घरचे म्हणतात, "उपवासाचा थकवा आहे, झोपू द्या." झोपू देऊ नका. पाण्यात तीन चमचे साखर घालून पाजा. 15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा पाजा, बरं वाटताच जेवू घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता 108 ला फोन करा.

शील मोडेल का? विनयात आजारी भिक्खूंनाही दुपारनंतर मध, काकवी औषध म्हणून चालते. इन्सुलिन घेणाऱ्या ताईंना मी तर पंचशीलच घ्या म्हणते. काही जणी रागावतात.