पीडितेची साक्ष, आरोपीची अ‍ॅलिबी आणि घरचा खर्च

बलात्काराची फिर्याद द्यायची म्हटले की धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी-लोहाऱ्याकडच्या घरात आधी लोक काय म्हणतील याची चर्चा होते आणि तिच्या पाठोपाठ पैशाची: "कोर्टकचेरी झेपंल का आपल्याला?" लोक काय म्हणतील याचे उत्तर माझ्यापुरते एका ओळीचे आहे, मान खाली घालायची ती गुन्हा करणाऱ्याने. पैशाच्या प्रश्नाला मात्र नीट उत्तर द्यायला हवे, कारण त्याच भीतीपोटी कितीतरी घरे ठाण्याची पायरी चढत नाहीत. आणि ज्यांच्या मुलाचे नाव फिर्यादीत आले आहे, पण तो त्या दिवशी गावातच नव्हता, त्यांनाही कुठे खर्च करावा आणि कुठे करू नये हे कळायला हवे.

खटला शासन चालवते. पीडितेच्या बाजूने सरकारी वकील उभा राहतो, त्याची फी तिच्याकडून घेतली जात नाही. फिर्याद लिहून घेणे फुकट, तिची प्रत देणेही फुकट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच ते लिहिले आहे. घटना पुण्यात घडली आणि मुलगी माहेरी कळंबला आली असेल, तर कळंब ठाण्यालाही फिर्याद घ्यावीच लागते, ती पुढे पुण्याला वर्ग होते. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि तो घरी किंवा पीडिता सांगेल त्या जागी घेता येतो. कोणी सरकारी अधिकारी फिर्याद नोंदवत नसेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली स्वतःच गुन्हेगार ठरतो. हे कलम पाठ करून ठाण्यात जा.

दवाखान्याचेही तसेच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार करायचे आहेत. माहिती मिळाल्यापासून २४ तासांत तिला तपासणीसाठी डॉक्टरकडे पाठवणे पोलिसांचे काम आहे, गाडीभाडे तुमच्या माथी मारण्याचे कारण नाही. तुम्ही एवढेच करा: अंगावरचे कपडे धुऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, वाळवून कागदात गुंडाळून द्या. पुढे आरोपी "मी तिथे नव्हतोच" म्हणाला, तर त्या कपड्यांवरचा डीएनए त्याच्या बोलण्यापेक्षा भारी ठरतो, आणि त्यासाठी तुमची दमडीही गेलेली नसते.

आता मुख्य मुद्दा. एका बाजूला एकट्या बाईची साक्ष आणि दुसऱ्या बाजूला आरोपीची अ‍ॅलिबी, म्हणजे घटनेच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हे सांगणे. न्यायालय तोलते कसे?

या तोलण्याचा इतिहास महाराष्ट्रातच घडला. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही, असा सूर त्या निकालात होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, रस्त्यावर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला किंवा सामूहिक अत्याचार अशा काही प्रकारांत संबंध सिद्ध झाला आणि बाई "माझी संमती नव्हती" म्हणाली, तर संमती नव्हती असेच धरायचे, हे तेव्हापासून आले. आज ते भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १२० आहे.

नागपूरच्याच एका फौजदाराच्या खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पीडिता ही गुन्ह्यातली साथीदार नव्हे, तिच्याकडे संशयाने पाहायचे कारण नाही, तिच्या साक्षीला जखमी साक्षीदाराच्या साक्षीइतके वजन द्यायचे. १९९६ च्या गुरमीत सिंग निकालाने त्यात भर घातली: बारीकसारीक तफावतीवरून साक्ष फेकून द्यायची नाही. साक्ष विश्वासार्ह असेल तर ती एकटी शिक्षेला पुरते.

याचा खर्चाशी थेट संबंध आहे. गावात एखादा 'जाणकार' घरी येऊन सांगतो, "दोन साक्षीदार उभे करू, त्यांचं बघावं लागंल." बघू नका. किती साक्षीदार हवेत याचा आकडा कायद्यात नाही, आणि पैसे घेऊन उभा राहिलेला माणूस उलटतपासणीत पहिल्या दहा मिनिटांत कोसळतो. कोसळताना तो खरी साक्षही मलिन करतो. २०१२ च्या राय संदीप निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकट्या साक्षीवर विसंबताना ती किती अस्सल हवी हे सांगितले: पहिल्या जबाबापासून कोर्टातल्या शब्दांपर्यंत गाभा एकच राहिला पाहिजे. म्हणून जे आठवते तेवढेच सांगावे, आठवत नाही ते "आठवत नाही" म्हणावे. फिर्यादीला उशीर झाला असेल तर त्याचे खरे कारण जबाबातच लिहून घ्यावे. भीती, बाहेरगावचा बाप, घरच्यांची बोलणी, ही कारणे न्यायालयांना समजतात.

आरोपीच्या घरच्यांसाठी. अ‍ॅलिबी सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो, साक्ष अधिनियमाच्या कलम १०६ खालचे उदाहरणच तसे आहे. तो तिथे असणे शक्यच नव्हते इतके ते पक्के हवे, असे दूधनाथ पांडे (१९८१) आणि बिनयकुमार सिंह (१९९७) या निकालांत सांगितले आहे. समजा मुलगा म्हणतो, मी ढोकीला कारखान्यावर पाळीवर होतो, आणि घटना धाराशिव शहरातली आहे. मस्टरवर सही आहे, पण मोटारसायकलने ते अंतर तासाच्या आत कापता येते. मग सही पुरत नाही, त्या विशिष्ट तासाचा पुरावा लागतो: वजनकाट्याची वेळ छापलेली पावती, गेटचा कॅमेरा. तोच मुलगा त्या रात्री पुण्याच्या रुग्णालयात दाखल असेल, तर केसपेपर बोलतो.

दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या खटल्यात दोघांनी आपण बागेतल्या गाण्याच्या कार्यक्रमात होतो असे सांगितले, एकाने आदल्याच दिवशी बिहारला गेल्याचे सांगितले. साक्षीला बहुतेक घरचेच लोक होते. समोर डीएनए होता, पीडितेच्या जखमी मित्राची साक्ष होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅलिबी फेटाळली. तेव्हा भावकीतले चार जण "आमच्याबरोबरच जेवला" म्हणायला नेऊ नका, त्यांच्या रोजगाराचे पैसे वाया जातात.

खरोखर दुसरीकडे असणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच हालचाल करावी. दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. ते जपून ठेवण्याची लेखी मागणी दुकानदाराकडे आणि तपास अधिकाऱ्याकडे करा, पोहोच घ्या. खर्च कागदाचा. चित्रण कोर्टात द्यायचे तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत लागते. मोबाइलच्या कॉल नोंदी कंपन्यांना दोन वर्षे जपाव्या लागतात, वकिलामार्फत न्यायालयाकडे अर्ज करून त्या मागवता येतात. नोंदी मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देणे म्हणजे नवा गुन्हा विकत घेणे. कोठडीतल्या आरोपीलाही मोफत वकील मिळतो. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावी: अ‍ॅलिबी कोसळली म्हणून गुन्हा आपोआप सिद्ध होत नाही. सरकार पक्षाला आपली बाजू आधी स्वतःच्या पायावर उभी करावी लागते, आणि अ‍ॅलिबीने खरी शंका उभी केली तर तिचा फायदा आरोपीलाच मिळतो.

"तिथे नव्हतो" आणि "तिच्या मर्जीने झाले" हे दोन्ही एकाच वकिलाच्या तोंडून येऊ लागले, तर पैसे घालवण्यापूर्वी वकील बदला.

पीडितेला सल्ल्यासाठी स्वतःचा वकील हवा असेल तर धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाचा दाखला न मागता वकील द्यायचा असतो. फोन १५१००. खासगी वकील नेमलाच तर तो सरकारी वकिलाला साहाय्य करतो, खटला चालवत नाही. म्हणून पूर्ण खटल्याची फी मागितली तर नेमके कोणते काम करणार ते लिहून घ्या.

खरा खर्च होतो तो हेलपाट्यांचा. परंड्याहून किंवा उमरग्याहून धाराशिवला यायचे, दिवसाची मजुरी बुडवायची, साहेब रजेवर म्हणून परत जायचे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. साक्षीला आल्यावर भत्त्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, तिकिटे जपून ठेवा. उमरगा आणि भूमलाही अतिरिक्त सत्र न्यायालये आहेत, आपला खटला कुठे चालणार हे दोषारोपपत्र दाखल होताच विचारून घ्या.

मिळणारा पैसाही आहे. २०१३ पासूनची मनोधैर्य योजना आता विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते, आणि मदतीसाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. पीडिता अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक नियमांप्रमाणे बलात्कारासाठी ५ लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी ८.२५ लाख रुपये ठरलेले आहेत: निम्मे वैद्यकीय तपासणीनंतर, पाव हिस्सा दोषारोपपत्रावर, उरलेले खटला संपल्यावर. त्यासाठी समाजकल्याण कार्यालयात विचारा. यातून टक्केवारी मागणाऱ्याची तक्रार करा.

"मिटवून घ्या, रक्कम देतो" असा निरोप येतोच. बलात्काराचा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. ती रक्कम म्हणजे कोर्टात खोटे बोलण्याचा मोबदला, आणि खोट्या साक्षीची शिक्षा ती देणाऱ्या मुलीला भोगावी लागते.

आरोपी सुटला तर पीडितेला स्वतः अपील करता येते. आपल्याकडचे अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाते, इथून सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथेही विधी सेवेचा वकील मोफत आहे. निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज निकालाच्या दिवशीच, कोर्टातून बाहेर पडायच्या आधी द्या.