पद्मिनीच्या दाराला नवी पॅडं बसवताना

बाळा, आजोबांची पद्मिनी वारज्यात इतकी वर्षं आच्छादनाखाली उभी होती, ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. इंजिन मेकॅनिक बघेल. दारांची आतली पॅडं मात्र घरच्या घरी, आपल्या हातानं बसवण्यासारखी आहेत. फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव: गाडीच्या दारात पाणी शिरतंच, आणि पॅड कुजायला सुरुवात होते ती पाठीमागून. मागची बाजू सुकी, तर पुढची देखणी.

1. काम दिवाळीनंतर काढ – दमट हवेत रेक्झिनचा गोंद नीट धरत नाही. दसऱ्याला झेंडूचा हार घालायचाय म्हणून खंडेनवमीच्या रात्री टॉर्च लावून बसायचा तुझा स्वभाव मला माहीत आहे. घाईची क्लिप रंग खाते.

2. जुनं पॅड कितीही फुगलेलं असू दे, टाकू नकोस – नव्या हार्डबोर्डचा नमुना तेच आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ही गाडी 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून आणि 1974 पासून पद्मिनी म्हणून बनली, पण आतली सजावट सगळी वर्षं सारखी राहिली नाही. दुसऱ्याच्या गाडीचं पॅड आपल्या दाराला बसेलच असं नाही.

3. काढलेल्या प्रत्येक पॅडच्या मागे खडूनं लिही, 'पुढचं डावं', 'मागचं उजवं' – डावं-उजवं आरशातल्यासारखं उलट असतं, आणि बोर्ड उलटा कापला गेला की त्याचा उपयोग फळीलासुद्धा होत नाही.

4. काचेचं हँडल ओढून काढू नकोस, आधी त्याच्या मागची चकती पॅडकडे दाबून आत डोकाव – तिथे आडवी पिन असते, किंवा कोणी नंतर हँडल बदललं असेल तर नालेच्या आकाराची क्लिप. पिन बारीक सुंभ्यानं हलकेच ठोकून काढायची. क्लिप असेल तर जुनं फडकं चकतीमागे घालून दोन्ही टोकांनी इकडून तिकडे ओढायचं, क्लिप फडक्याला अडकून बाहेर येते. ती उडते, म्हणून दुसरा हात आडवा धर.

5. पॅड उचकटताना पातळ उलथन्याला कापड गुंडाळ आणि ते अगदी क्लिपच्या शेजारी सरकव – लांबून जोर दिलास तर क्लिप जागेवर राहते आणि बोर्डाचा तुकडा हातात येतो.

6. स्क्रू, चकत्या, पिना दारागणिक वेगळ्या डब्यात, श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम – लांब स्क्रू आखुडाच्या जागी गेला तर आत खाली उतरणाऱ्या काचेला लागतो.

आता पॅड निघालं, पत्रा उघडा झाला. इथे घाई करू नकोस, सगळं काम इथेच आहे.

7. दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती तारेनं मोकळी कर – हायवेलगतची धूळ आणि सुकी पानं तिथे बसून चिखल होतो, पाणी साठतं, आणि पत्रा आतून गंजतो. गंज खरवडून त्यावर रेड ऑक्साइडचा हात दे, पण भोकं बुजवू नकोस.

8. काच वर-खाली करणाऱ्या यंत्राला आणि कुलपाच्या दांड्यांना आत्ताच ग्रीस लाव, काच चार-सहा वेळा फिरवून बघ – पॅड लागल्यावर कुरकुर ऐकू आली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

9. आता काच पूर्ण वर घे, दार लाव, बाहेरून काचेवर तांब्याभर पाणी हळूहळू ओत, आणि कोणालातरी आत टॉर्च घेऊन बसव. काचेलगतच्या पट्टीतून पाणी आत जाईल. घाबरू नकोस, ते तसंच असतं. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगानं ओघळत ते तळाशी येतं आणि भोकांतून जमिनीवर टपकतं. आतल्या पत्र्याच्या मोठ्या खिडक्यांतून एखादा थेंब तुझ्याकडे येताना दिसला, तर ती जागा पेन्सिलीनं खूण करून ठेव – तुझं जुनं पॅड नेमकं तिथेच फुगलेलं सापडेल.

10. त्या खिडक्यांवर जाड प्लॅस्टिकचा कागद लाव, कडा बुटिल टेपनं चिकटव, आणि खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या आत सोड – पाणी प्लॅस्टिकवरून ओघळतं, म्हणून त्याचं शेवटचं टोक दारातच असलं पाहिजे. कड बाहेर राहिली तर ते सरळ बोर्डावर येतं. बहुतेक जण हा कागद फाटका म्हणून फेकून देतात आणि पॅडला दोष देतात.

11. नव्या हार्डबोर्डची भोकं जुन्यावरून पाड आणि कापून झाल्यावर कडांना व मागच्या बाजूला वॉर्निशचे दोन हात दे – हार्डबोर्ड पाणी पितो तो कडेनं. भोक हुकलं, तर बोर्ड मुकला.

12. रेक्झिन आधी उन्हात पसर, चारी बाजूंनी बोटभर जास्त ठेव – उबेनं ते मऊ होतं आणि कोपऱ्यावर चुण्या पडत नाहीत. गोंद बोर्ड आणि रेक्झिन दोन्हींना लाव, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांब, मगच दाब. ओल्या गोंदावर दाबलंस तर फुगे येतात.

13. क्लिपा मधून कडेकडे, तळहाताच्या थापेनं बसव, हातोडी घेऊ नकोस – क्लिप भोकासमोर नसेल तर थाप मारून वाकते, बसत नाही.

14. हँडल लावताना चारी काचा पूर्ण वर, आणि चारी हँडलं एकाच दिशेला – कोणाचीही नजर आधी तिथेच जाते.

15. स्पीकरसाठी दाराचा पत्रा कापू नकोस, हे मात्र आग्रहानं सांगतो – पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झाली की 2021 च्या नियमानुसार गाडीला 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी घेता येते, आणि त्यासाठी चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. मात्र ती नोंदणी घेतली की गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल इतक्यापुरतीच ती रस्त्यावर. तेव्हा आधी ठरव, रोज फिरवायची की जपायची.

16. क्लिपा, बीडिंग, हँडलं नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात दिसली की गरजेपेक्षा चार जास्त घे – मुंबईतली पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. तिच्या जिवावर चालणारी दुकानं आता कमीच होत जाणार.

17. पहिल्या मोठ्या पावसानंतर चारी पॅडांच्या खालच्या कडेवरून हात फिरव – ओल लागली तर तेवढ्याच दाराचं प्लॅस्टिक बघायचं, बाकीची उघडू नकोस. उरलेलं रेक्झिन गुंडाळून माळ्यावर ठेव, घडी घालू नकोस. घडीवर ते तडकतं.