पेनिसिलीन आणि घुसळणीची टाकी

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध १९२८ साली लागला. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते देण्यात आले. जंतुसंसर्गाने मरणोन्मुख झालेला हा रुग्ण काही दिवसांत सुधारू लागला. परंतु औषधाचा साठा संपला. त्याच्या मूत्रातून पेनिसिलीन पुन्हा वेगळे काढून वापरले, तेही पुरले नाही. मार्चमध्ये त्याचा मृत्यू झाला. औषध ज्ञात होते; ते विपुल निर्माण करण्याची रीत मात्र हाती नव्हती.

पेनिसिलीन एका बुरशीपासून मिळते. आरंभी ही बुरशी उथळ भांड्यांत, द्रवाच्या पृष्ठभागावर सायीसारखी वाढवीत. खोल टाकीत ती वाढवायची, तर आतपर्यंत प्राणवायू पोहोचवणे आवश्यक असते. पण २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात केवळ ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. दाट वाढलेली बुरशी तो पाहता पाहता संपवते.

म्हणून टाकीच्या तळाशी निर्जंतुक हवा सोडतात आणि मधल्या दांड्यावरील फिरती पाती तिचे बारीक बुडबुडे करतात. बुडबुडे जितके लहान, तितका हवेचा द्रवाशी स्पर्श अधिक. टाकीला आतून उभ्या पट्ट्या नसतील, तर द्रव नुसता गरगरतो आणि मध्ये भोवरा पडतो. ताक करताना रवी उलटसुलट फिरते, त्यामुळे दही नीट घुसळले जाते. येथे ते काम पट्ट्या करतात. मात्र घुसळण अति झाल्यास बुरशीचे तंतू तुटतात. शिवाय श्वसन व घुसळण यांतून निर्माण होणारी उष्णता थंड पाण्याच्या नळ्यांनी काढून घ्यावी लागते.

टाकी अखंड चालवता येते, किंवा तेलाच्या घाण्याप्रमाणे एकेक घाणा काढता येतो. अखंड पद्धतीत पोषक द्रव सतत आत येतो व तयार द्रव बाहेर पडतो. ती किफायतशीर भासते, तरी पेनिसिलीनसाठी घाण्याची पद्धतच रूढ झाली. आत शिरलेला परका जिवाणू पेनिसिलीन नष्ट करणारे विकर सोडू शकतो. अशा वेळी एक घाणा वाया जातो. टाकी वाफेने निर्जंतुक करून नवा आरंभ करता येतो. दीर्घकाळ अखंड वाढवल्यास कमी पेनिसिलीन देणारे वाणही वरचढ होऊ शकते. घाण्यातही साखर एकदम दिली, तर बुरशी फोफावते आणि पेनिसिलीन घटते. म्हणून ती थोडी थोडी सोडतात.

मार्च १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिन येथे फायझर कंपनीने खोल टाक्यांचा कारखाना सुरू केला. भारतात १९५४ साली युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढील वर्षी तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. जे औषध एका रुग्णालाही पुरले नव्हते, ते अशा रीतीने सामान्यांच्या आवाक्यात आले. त्याचे श्रेय शोधाइतकेच बुरशीला हवा, थंडावा आणि अन्न मापून देणाऱ्या या टाकीलाही आहे.