छापील तबकडी आणि लिहिलेली तबकडी

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी संगीताच्या दोन जातींच्या सीडी एकाच कपाटात ठेवलेल्या आढळतात. एक दुकानातून गाण्यांसह विकत आणलेली. दुसरी कोरी आणून संगणकावर भरलेली, जिच्यावर लग्नातील सनई किंवा जुन्या फितीवरून उतरवून घेतलेला आजोबांचा आवाज असतो. दोन्ही १२ सेंटिमीटर व्यासाच्या, १.२ मिलिमीटर जाडीच्या. परंतु त्यांची घडण मुळातच निराळी आहे, आणि हा भेद ध्यानी न घेतल्यास आधी गमावते ती नेमकी दुसरी, जिची प्रत कोणत्याही बाजारात मिळत नाही.

छापील तबकडीचे प्रमाण फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरविले आणि १९८२ साली ती जपानात विक्रीस आली. ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिकेत आवाजाची थरथर खाचेच्या वळणांत कोरलेली असते. येथे तसे नाही. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीचा अंक म्हणून टिपले जाते. डाव्या व उजव्या बाजूचा हिशेब स्वतंत्र. म्हणजे तबकडीवर गाणे नसून गाण्याची रोजकीर्द असते, आणि तीही केवळ शून्य व एक या दोन अंकांत लिहिलेली.

हे अंक सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने एका सर्पिल रेषेवर असतात. ही रेषा आतून निघून कडेकडे जाते व उलगडली तर ५ किलोमीटरांहून अधिक भरते. तिच्यावर खालून लेसरचा किरण पडतो. खळग्याची खोली अशी बेतलेली असते की तेथून व भोवतालच्या सपाटीवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात आणि परतीचा उजेड मंदावतो. खळगा म्हणजे एक व सपाटी म्हणजे शून्य, हा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. उजेड जेथे बदलतो ती खळग्याची कड म्हणजे एक, आणि दोन कडांमधील पल्ला शून्यांचा.

कारखान्यात निकेलच्या साच्यावर वितळलेले पॉलिकार्बोनेट दाबून, टांकसाळीत नाणी पाडावीत तशा प्रती काढतात. वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर व त्यावर रोगण. अंक घडणीतच उतरलेले असल्यामुळे ते फिके पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

ओरखड्यांची तजवीज व्यापाऱ्यास सहज उमगेल अशी आहे. वहीत ताळा पाहावा त्याप्रमाणे मूळ अंकांसोबत ताळ्याचे जादा अंक लिहिलेले असतात, व शेजारचे अंक मुद्दाम दूर विखुरलेले असतात. त्यामुळे रेषेचा सुमारे अडीच मिलिमीटर तुकडा वाचता आला नाही, तरी यंत्र तो हिशेबाने पुरा करते. म्हणूनच तबकडी मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसताना उमटलेला ओरखडा रेषेच्या दिशेनेच लांबवर जातो व ताळ्याची शक्ती संपते.

एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीचे प्रमाण १९९० साली आले. तिच्यात खळगे नसतातच. असते ती मार्गदर्शक खाच, आणि तिच्यावर सेंद्रिय रंगाचा लेप. लिहिताना प्रखर लेसर तो रंग जागोजागी तापवून बिघडवितो. तेथून उजेड कमी परततो आणि वाचणाऱ्या यंत्रास तो खळगाच भासतो. रंग काही प्रकाश शोषून घेत असल्याने मागे अधिक चकाकणारा धातू लागतो. म्हणून विकत आणलेल्या गाण्याच्या सीडीची पाठ अ‍ॅल्युमिनियमची, तर कोरी म्हणून घेतलेल्या स्वस्त सीडीची बहुधा खऱ्या चांदीची, व आरंभीच्या काळात सोन्याची! वजन मात्र इतके नगण्य की सराफाकडे नेण्यात अर्थ नाही.

सारी गोम त्या रंगात आहे. ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो हळूहळू बदलतो. लिहिलेले व न लिहिलेले यांतील फरक पुसट होत जातो. आरंभी ताळ्याचे अंक उणीव झाकतात, त्यामुळे आवाज कित्येक वर्षे निर्दोष वाटतो, आणि ती मर्यादा ओलांडली की तो खडखडू व तुटू लागतो. तेव्हा अशी तबकडी खिडकीत किंवा मोटारीत ठेवू नये. धातू वरच्या रोगणालगतच असल्याने तिच्या पाठीवर टोकदार पेनाने लिहू नये, कागदही चिकटवू नये. मऊ टोकाच्या मार्करने मधल्या पारदर्शक वर्तुळावर नाव घालावे. नव्या संगणकांत सीडी वाचण्याची सोय बहुधा नसते. ज्यांच्याकडे जुना संगणक चालू आहे त्यांनी वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या तबकड्या प्रथम काढून दोन निराळ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात. फितीच्या प्रतीत दरवेळी थोडी घट येत असे. अंकांची नक्कल मात्र बिनचूक झाली तर मुळाइतकीच खरी असते.