उजव्या हाताविना : पियानोवादक लिऑन फ्लायशर

पदवी, नोकरी, बढती अशी चढत जाणारी शिडी म्हणजे 'करिअर', असे आपण सारेच मानतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे "पुढे काय होणार?" हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १९२८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे, स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. वडील हॅट बनविण्याचा व्यवसाय करीत. नवव्या वर्षी त्यांना आर्तुर श्नाबेल यांचे शिष्यत्व लाभले. आपल्याकडील घराण्यांसारखीच ही परंपरा होती : बेथोव्हेनचे शिष्य चेर्नी, चेर्नींचे लेशेटिझ्की आणि त्यांचे श्नाबेल. सोळाव्या वर्षी फ्लायशर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह वाजवू लागले. १९५२ साली ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारे ते पहिले अमेरिकन ठरले.

१९६५ च्या सुमारास, ऐन भरात असताना, त्यांच्या उजव्या हाताची अनामिका व करंगळी आपोआप तळहाताकडे वळू लागली. 'फोकल डिस्टोनिया' या विकारात स्नायू धडधाकट असतात, पण मेंदूकडून त्यांना मिळणारे आदेश बिघडतात. फ्लायशर खोल निराशेत बुडाले.

मात्र संगीत त्यांनी सोडले नाही. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनस्टाईन यांच्यासाठी राव्हेल यांनी केवळ डाव्या हाताचा कॉन्चेर्टो रचला होता. फ्लायशर तो वाजवू लागले. ते वाद्यवृंदाचे संचालनही करू लागले. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत ते १९५९ पासून शिकवीतच होते. पूर्वी शिष्याला वाजवून दाखविता येई. आता तेच शब्दांत समजावून सांगावे लागे. त्यामुळे आपण अधिक चांगले शिक्षक झालो, असे ते म्हणत.

सुमारे तीस वर्षांनी बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी उजवा हात बराच सैल झाला. विकार मुळापासून गेला नाही, तरी २००४ साली 'टू हँड्स' ही त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. २०२० मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

फ्लायशर यांची शिडी मध्येच तुटली होती. दोन बोटे गेली तेव्हा त्यांच्यापाशी उरले ते गुरूकडून मिळालेले संगीताचे ज्ञान, आणि तेवढ्यावर त्यांनी पुढची तीस वर्षे उभी केली. आपण येथे केवळ पदवी मिळवीत आहोत की असे काही, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.