गुणी कुत्रं अचानक बिथरलं तर?

वस्तीवर राहणाऱ्याला कुत्रं लागतंच. रात्री उसाला पाणी धरायचं तर सोबत त्याचीच. ते एकाएकी निराळं वागू लागलं की आपण "उन्हानं तसं करतंय" म्हणून सोडून देतो. हे बरोबर नाही.

दर वेळी कुत्रं पिसाळलेलंच असतं असं नव्हे. कानात गोचीड शिरला किंवा सांधा दुखावला, तरी मायाळू कुत्रं हात लावताच गुरगुरतं. फडात नाग-मण्यार चावल्यास जबडा लोंबतो, पाय लुळे पडतात. कीटकनाशक पोटात गेल्यास लाळ गळते, अंग थरथरते. यातलं नेमकं काय, हे घरबसल्या ओळखता येत नाही. तेव्हा पशुवैद्य सांगेपर्यंत कुत्रं पिसाळलेलं आहे असंच धरून वागावे.

पिसाळण्याचा विषाणू चाव्यातून शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदू गाठतो. कुत्र्यात याला बहुधा ३ आठवडे ते ३ महिने लागतात. तोवर मूळ चावा आपण विसरूनही गेलेलो असतो. मग आवाज घोगरा होतो, कुत्रं माती-लाकूड चावतं, अंधारात दडतं, घर सोडून भटकतं. दुसरा प्रकार मुका. त्यात कुत्रं अंगावर येत नाही, गप्प पडून राहतं, त्याला गिळता येत नाही. आम्हांस हाच जास्त घातक वाटतो, कारण घशात हाड अडकलं समजून माणूस तोंडात हात घालतो. बैल-म्हशींच्या बाबतीतही नेमकं हेच घडतं. आणि "पाणी पितंय, म्हणजे पिसाळलेलं नाही" ही समजूत साफ चुकीची. पाण्याची भीती हे माणसाच्या रोगातलं लक्षण आहे, कुत्र्याच्या नव्हे.

कुत्रं चावलं, त्याचा दात-नख ओरखडलं किंवा त्यानं उघडी जखम चाटली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बेंबीभोवतीच्या १४ सुयांची धास्ती जुन्या मंडळींच्या मनात अजून आहे. पण त्या लसीचे उत्पादन आपल्याकडे २००४ साल अखेर थांबले. आता लस दंडात देतात. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून पुढच्या ३, ७, १४ व २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेतही प्रतिद्रव्याची सुई लागते. रोग एकदा अंगावर उमटला की माणूस जवळजवळ वाचतच नाही, म्हणून मधली एकही सुई चुकवू नये.

कुत्र्याला रागाच्या भरात मारू नये. अंगाशी न जाता कोंडता आलं तर १० दिवस नजर ठेवावी. चावताना लाळेत विषाणू असेल तर एवढ्या मुदतीत ते आजारी पडून मरतं. ठणठणीत राहिलं तर उरलेल्या सुयांचं डॉक्टर ठरवतील. मात्र या १० दिवसांची वाट पाहत पहिली सुई लांबवायची नाही.

पिलू ३ महिन्यांचं झालं की लस टोचून घ्यावी, पुढे दरसाल. तोडणीच्या टोळ्यांबरोबर त्यांची कुत्रीही येतात. फडावर आल्या आल्या मुकादमाशी बोलून त्यांनाही टोचून घ्यावे.