गायन शिकविणारे आणि मागें म्हणणारे

येलदरीसारख्या गांवच्या मंडळींत जे बंधु गाणें शिकवितात, त्यांस पुष्कळदां वाटतें कीं चाल सांगितली म्हणजे आपलें काम संपलें. याच परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग लोक कसे म्हणतात तें पाहावें. एक जण चरण सांगतो, टाळकरी तोच उचलून धरितात. मागचे गप्प राहिले तर पुढच्याचा गोड गळा काय कामाचा? रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं अभंग व ओवी या छंदांत ख्रिस्ती पदें रचिलीं, तीं अशाच म्हणणारांसाठीं.

आमची एक चूक सांगणें भाग आहे. एका चौदा वर्षांच्या मुलाचा सूर लागेना, म्हणून आम्हीं त्यास सर्वांदेखत गप्प बसविलें. तो आठ महिने गप्पच राहिला. पुढें एकट्यास पेटीजवळ बसविलें, तेव्हां कळलें कीं त्याचा आवाज फुटत होता, आणि आमची काळी चारची पट्टी त्यास झेपत नव्हती. काळी एकवर येतांच तो नीट म्हणूं लागला. दोष कानाचा होता, पण आमच्या!

तेव्हांपासून आम्ही पद शिकविण्यापूर्वीं प्रत्येकाचा षड्ज निराळा ऐकतों. ज्यास शेजाऱ्याचा आवाज ऐकूं येत नाहीं, त्यास हळू म्हणावयास सांगतों. आणि महिन्यांतून एकदां स्वतः टाळ घेऊन मागें बसतों. तो मुलगा आतां गातो. पहिल्या रांगेंत मात्र अजून बसत नाहीं.